लिनक्सची बिल्ड स्क्रिप्ट विंडोजवर: सांधा कुठे येतो ते आधी पाहा

बिल्ड डॉट एसएच, म्हणजे सोर्स कोडमधून प्रोग्राम बांधणारी स्क्रिप्ट, चालवायला बॅश हे लिनक्सचं कमांड शेल लागतं, तेव्हा विंडोजवर बॅश आणलं की काम झालं, असा समज सर्रास आढळतो. खरं तर बॅश हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग. अडचण येते ती स्क्रिप्टने न लिहिता गृहीत धरलेल्या गोष्टींची. नवी प्रोसेस काढणं स्वस्त असतं. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची नावं वेगळी धरली जातात. सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक, कुणालाही करता येते. फाइलला एक्झिक्यूट बिट (चालवण्याच्या परवानगीची खूण) असतो. उघडी असलेली फाइल पुसली तरी चालतं. पाथमध्ये स्पेस नसते. लिनक्सवर हे सगळं खरं असतं, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. विंडोजवरचा प्रत्येक पर्याय यातलं काही पाळतो, काही मोडतो आणि काही अर्धवट पाळतो. डोकं खातात ती ही अर्धवट पाळलेली.

म्हणून डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय), एमसिस२ (विंडोजवर लिनक्ससारखं शेल आणि टूलं देणारा संच) की ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टम, सुरू करताना एक निवडायची), या वादात पडण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: बिल्ड चालू असताना लिनक्स आणि विंडोज यांच्यातला सांधा किती वेळा ओलांडला जातोय? प्रत्येक हेडर फाइल उघडताना, की शेवटी तयार माल उचलताना एकदाच? पुढे जे काही लिहिलंय ते याच प्रश्नाभोवती फिरतं. (कमांड आणि एरर उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टंकायच्या.)

तयार होणारी फाइल चालणार कुठे?

हे ठरवल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नका. डब्ल्यूएसएलमध्ये साध्या जीसीसी कंपायलरने बांधलेला प्रोग्राम ही ईएलएफ फाइल असते, म्हणजे लिनक्सची. ती विंडोजवर डबल-क्लिक करून चालणार नाही, आणि नावापुढे डॉट ईएक्सई चिकटवून तर अजिबातच नाही. सिग्विनमध्ये (विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणाऱ्या जुन्या संचात) बांधलेली फाइल ईएक्सई असते खरी, पण तिला सोबत सिग्विनचं डीएलएल, म्हणजे चालताना लागणारी लायब्ररी फाइल, लागतं.

एमसिस२ मध्ये गोंधळ आणखी एक पायरी खोल आहे, कारण त्याच्या स्टार्ट मेन्यूत एकसारखी दिसणारी अनेक शेलं येतात: एमसिस, यूसीआरटी६४, मिंगडब्ल्यू६४, क्लँग६४. नुसत्या एमसिस शेलमध्ये पॅकमॅन या पॅकेज मॅनेजरने नुसतं जीसीसी घेतलं, तर तयार होणारी ईएक्सई एमसिसच्या डीएलएलवर अवलंबून राहते आणि दुसऱ्याच्या मशीनवर गेली की डीएलएल सापडत नाही म्हणून थांबते. खरी विंडोज ईएक्सई हवी असेल तर यूसीआरटी६४ शेल उघडायचं आणि पॅकेजही त्याच उपसर्गाचं घ्यायचं: मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-जीसीसी. यूसीआरटी म्हणजे विंडोज १० पासून सिस्टममध्येच असलेलं सी रनटाइम. आपण कोणत्या शेलमध्ये आहोत हे एमसिस्टम नावाच्या व्हेरिएबलमध्ये दिसतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत ते तपासून चुकीचं असेल तर तिथेच थांबवावं. तयार ईएक्सईवर ऑब्जडंप -पी चालवून 'डीएलएल नेम'च्या ओळी पाहिल्या की कुठलं ओझं सोबत आलंय ते लगेच कळतं.

विंडोजसाठीच्या गिटसोबत येणारं गिट बॅश हे बिल्डचं वातावरणच नव्हे. ते एमसिस२ वर उभं असलं तरी त्यात मेक (बिल्ड चालवणारं टूल) नाही, कंपायलर नाही, पॅकमॅनही येत नाही. त्यात मेक डॉट ईएक्सई कुठूनतरी आणून टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कॉन्फिगर रांगत का चालतं

सिग्विन १९९५ मध्ये सिग्नस सोल्यूशन्समध्ये सुरू झालं, आणि त्याच्यापुढचा मूळ पेच आजही तोच आहे: विन३२ मध्ये, म्हणजे विंडोजच्या मूळ प्रोग्रामिंग इंटरफेसमध्ये, फोर्क नाही. लिनक्सवर फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची प्रत. मेमरीची पानं दोघांत वाटून घेतली जातात आणि कुणी लिहायला गेलं तरच त्या पानाची नक्कल होते. सिग्विनला हे हाताने करावं लागतं. आधी विंडोजच्या क्रिएटप्रोसेस कॉलने नवी प्रोसेस उभी करायची, मग पालकाची मेमरी तिच्यात ओतायची, आणि सगळी डीएलएलं दोन्हीकडे अगदी त्याच पत्त्यावर बसली आहेत याची खात्री करायची. एखादं डीएलएल दुसऱ्या पत्त्यावर बसलं की 'अनेबल टू रीमॅप' असं काहीतरी सांगून फोर्क कोसळतं. बिल्ड दहा वेळा चालवलं तर तीनदा पडतं आणि दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडतं, अशी लक्षणं असतील तर संशय इथेच घ्यावा. उपाय म्हणजे सिग्विनच्या सगळ्या प्रोसेस बंद करून डॅश या हलक्या शेलमधून डीएलएलांचे पत्ते नव्याने लावणारं रीबेसऑल चालवणं. प्रत्येक प्रोसेसमध्ये आपलं डीएलएल घुसवणारी अँटिव्हायरससारखी सॉफ्टवेअरं हे दुसरं कारण. सिग्विनच्या लोकांनी अशा उपद्रवी सॉफ्टवेअरांची एक यादीच ठेवली आहे आणि तिला ब्लोडा असं प्रेमाचं नावही दिलंय. एमसिस२ सिग्विनमधूनच फुटून निघालेलं असल्याने हा वारसा त्याच्याकडेही आला.

आता ऑटोकॉन्फने बनवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट आठवा, बिल्डआधी मशीनवर काय काय आहे ते तपासणारी. प्रत्येक 'चेकिंग फॉर' ओळीमागे एक छोटी सी फाइल लिहिली जाते, कंपाइल होते, सेड-ग्रेप ही मजकूर चाळणारी टूलं फिरतात, फाइल पुसली जाते. एका तपासणीला अनेक प्रोसेस, आणि अशा तपासण्या शेकड्यांनी. कंपायलर स्वतः दोन्हीकडे साधारण त्याच वेगाने चालतो. वेळ जातो तो त्याला उठवण्या-झोपवण्यात. वर मेकला -जे१६ (एकाच वेळी सोळा कामं) दिलं तरी कॉन्फिगरला त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण ते एकापाठोपाठ एकच चालतं. म्हणून सोळा कोरचं मशीन एका कोरवर घाम गाळत बसलेलं दिसतं.

यावर थोडं करता येतं. कॉन्फिगरला मोठ्या सी चा पर्याय दिला की निकाल कॉन्फिग डॉट कॅशमध्ये राहतात आणि पुढच्या वेळी बराच भाग गाळला जातो. कंपायलर किंवा फ्लॅग बदलले की मात्र ती फाइल पुसायची, नाहीतर जुनी उत्तरं नव्या बिल्डमध्ये शिरतात. कॉन्फिग_शेल म्हणून बॅशऐवजी डॅश दिलं तर शेल हलकं होतं. सोर्स आणि बिल्डचं फोल्डर विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसच्या रिअल-टाइम तपासणीतून वगळल्याने फरक पडतो, कारण एरवी प्रत्येक क्षणिक कॉन्फटेस्ट डॉट ईएक्सईची झडती घेतली जाते. प्रोजेक्टमध्ये सीमेक आणि निंजा या बिल्ड टूलांचा रस्ता दिलेला असेल तर एमसिस२ मध्ये तोच धरा.

पाथची उलथापालथ

एमसिस२ चं आणखी एक वैशिष्ट्य अनेकांना पहिल्यांदा दिसतं ते चुकीच्या एररमधून. एमसिसच्या शेलमधून साधा विंडोज प्रोग्राम चालवला, की तिरक्या रेघेने सुरू होणारं प्रत्येक आर्ग्युमेंट पाथ आहे असं समजून ते विंडोजच्या पाथमध्ये बदललं जातं. /यूएसआर/इन्क्लूड साठी हे उपकारक, पण विंडोज टूलला दिलेला /सी सारखा स्विच 'सी कोलन' होऊन बसतो. डॉकरला कंटेनरमधला /अॅप हा पाथ दिला की तो थेट सी ड्राइव्हवरच्या एमसिसच्या फोल्डरखाली जातो. एकट्या स्विचसाठी दोन तिरक्या रेघा द्यायच्या. संपूर्ण कमांडसाठी एमसिस२_एआरजी_सीओएनव्ही_ईएक्ससीएल या व्हेरिएबलमध्ये तारा ठेवायचा. गिट बॅशमध्ये त्याच कामाचं एमसिस_नो_पाथकॉन्व्ह आहे. हे व्हेरिएबल पूर्ण सेशनसाठी एक्सपोर्ट करू नका. मग ज्यांना पाथ खरोखर बदलून हवा असतो त्या कंपायलरच्या ओळी मोडतात.

लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, आणखी एक मर्यादा आडवी येते. क्रिएटप्रोसेसला मिळणारी कमांड लाइन ३२,७६७ अक्षरांपुरतीच असते, सीएमडी डॉट ईएक्सईमधून गेली तर ८,१९१. लिनक्सवर आर्ग्युमेंट्सना एकूण साधारण २ एमबी मिळतात. मोठ्या लायब्ररीत हजारो ऑब्जेक्ट फाइलींचे लांबलचक पाथ एका ओळीत आले की 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. अशा वेळी यादी फाइलमध्ये लिहून लिंकरला ॲट चिन्हासह त्या फाइलचं नाव द्यायचं. जीसीसी, एलडी आणि एआर तिघांनाही ते समजतं.

लिंकर 'कॅनॉट ओपन आउटपुट फाइल, परमिशन डिनाइड' म्हणाला तर परवानग्या तपासत बसू नका. आधीची ईएक्सई कुठेतरी चालू आहे, किंवा डीबगरने ती धरून ठेवली आहे. लिनक्स तिला बिनतक्रार पुसू देतो. विंडोज देत नाही.

डब्ल्यूएसएल: एक आणि दोन ही वेगवेगळी यंत्रं आहेत

२०१६ मध्ये विंडोज १० बरोबर आलेलं डब्ल्यूएसएल१ म्हणजे दुभाषी. त्यात लिनक्स कर्नल नव्हतंच. लिनक्सच्या सिस्टम कॉलचं विंडोज कर्नलच्या भाषेत रूपांतर व्हायचं. डब्ल्यूएसएल२ ची घोषणा २०१९ मध्ये झाली आणि २०२० मध्ये ते विंडोज १० च्या २००४ आवृत्तीत आलं. यात हायपर-व्हीवरच्या हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये खरं लिनक्स कर्नल चालतं आणि फाइली एका व्हीएचडीएक्स (व्हर्च्युअल डिस्कच्या) फाइलच्या आतल्या ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टमवर राहतात. म्हणून फोर्क, सिमलिंक, एक्झिक्यूट बिट, केस, लूप माउंट सगळं लिनक्ससारखंच वागतं, कारण ते लिनक्सच असतं.

पण सांधा नाहीसा झालेला नाही, फक्त सरकला आहे. तो आता /एमएनटी/सी वर आहे. डब्ल्यूएसएल२ मधून सी ड्राइव्हवरची फाइल उघडली की ती विनंती ९पी प्रोटोकॉलने व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर जाते, विंडोज फाइल उघडतं, उत्तर परत आत येतं. एक मोठी फाइल वाचताना हे खुपत नाही. पण बिल्ड म्हणजे हजारो छोट्या फाइलींचे स्टॅट (फाइल आहे का ही विचारणा) आणि ओपन. एका सी++ फाइलसाठी कंपायलर शेकडो हेडरच्या शोधात डझनभर फोल्डरं धुंडाळतो, आणि 'इथे नाही' हे उत्तरसुद्धा सांधा ओलांडूनच येतं. डब्ल्यूएसएल२ मंद आहे अशी ओरड बहुतेक वेळा इथून निघते. तेच सोर्स होम फोल्डरमध्ये ठेवून बिल्ड केलं तर नेटिव्ह लिनक्सच्या अगदी जवळचा वेग मिळतो. उलट, फाइली सी ड्राइव्हवरच ठेवणं भाग असेल तर तिथे डब्ल्यूएसएल१ हे डब्ल्यूएसएल२ पेक्षा चपळ ठरतं, कारण त्याच्या वाटेत व्हर्च्युअल मशीन नाही. डब्ल्यूएसएल१ वापरायला माझ्या मते आता हे आणि व्हर्च्युअलायझेशन चालू करता न येणं, एवढीच दोन कारणं उरली आहेत.

क्रम असा ठेवावा. पॉवरशेलमध्ये डब्ल्यूएसएल -एल -व्ही करून डिस्ट्रोसमोर (इन्स्टॉल केलेल्या लिनक्ससमोर) २ हा आकडा आहे ना ते बघायचं. नसेल तर सेट-व्हर्जनने बदलायचं. सोर्स लिनक्सच्या आतल्या गिटनेच क्लोन करायचं, होम फोल्डरमध्ये. विंडोजवर आधीच असलेलं क्लोन उचलून आत कॉपी करू नये. का ते पुढे येतंच. विंडोजच्या बाजूने या फाइली हव्या असल्या तर एक्सप्लोररमध्ये \\डब्ल्यूएसएल डॉट लोकलहोस्ट\ इथून दिसतात. व्हीएस कोडला डब्ल्यूएसएलचं एक्स्टेन्शन घातलं की एडिटरचा सर्व्हर लिनक्सच्या आत चालतो आणि फक्त खिडकी बाहेर राहते. बिल्ड संपलं की तयार फाइल एकदाच सीपी करून /एमएनटी/सी वर ठेवायची.

फाइल बदलली की आपोआप बिल्ड करणारी टूलं /एमएनटी/सी वर गप्प बसतात. विंडोजच्या बाजूने झालेल्या बदलाची आयनोटिफाय सूचना डब्ल्यूएसएल२ पर्यंत पोचत नाही, म्हणून टूल बिघडल्यासारखं वाटतं. होममध्ये हा प्रश्नच येत नाही.

एक्सप्लोररमधून ओढून टाकलेल्या, नेटवरून उतरवलेल्या फाइलीसोबत कधीकधी 'झोन डॉट आयडेंटिफायर' शेपटीची छोटी फाइलही येते. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टमवर ती लपलेली असते, ईएक्सटी४ वर उघडी पडते. पॅच फोल्डरमधल्या सगळ्या फाइली लावणारी स्क्रिप्ट तीही लावायला जाते.

सीआर, केस आणि परवानग्या

विंडोजसाठीच्या गिटच्या इन्स्टॉलरमध्ये ऑटोसीआरएलएफ मुळात चालू असतं. त्या गिटने क्लोन केलेल्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी सीआर, म्हणजे ओळ संपवण्याचं विंडोजचं जादा चिन्ह, येतो. मग लिनक्सच्या बाजूला 'बॅड इंटरप्रिटर', पुढे बॅशचं नाव आणि त्याला चिकटलेलं टोपी-एम (^M). ही एरर ओळखायला सोपी. कपटी प्रकार वेगळे असतात. आवृत्तीचा क्रमांक फाइलमधून वाचून टारबॉलच्या (फाइलींच्या गठ्ठ्याच्या) नावात घालणारी स्क्रिप्ट सीआरसकट नाव तयार करते. यादीत ते नाव बरोबर दिसतं, पण नेमकी तीच फाइल सापडत नाही. हिअर-डॉकमधून (स्क्रिप्टमध्येच दिलेल्या मजकुरातून) लिहिलेल्या कॉन्फिग फाइलीत सीआर उतरतो आणि बिल्ड पार पडून प्रोग्राम चालवताना तक्रार येते. पॅच लावताना 'हंक फेल्ड, डिफरंट लाइन एंडिंग्ज'.

डॉसटूयुनिक्स ही मलमपट्टी झाली. रिपॉझिटरीत गिटअॅट्रिब्यूट्स फाइल ठेवून एसएच, पॅच, मेकफाइल, कॉन्फिगर यांना ईओएल=एलएफ लावायचं, मग गिट ॲड रीनॉर्मलाइझ करून कमिट करायचं. हे प्रोजेक्टमध्येच राहतं, प्रत्येकाच्या मशीनवरच्या सेटिंगवर अवलंबून नसतं.

केसचं, म्हणजे कॅपिटल-स्मॉलच्या फरकाचं, उदाहरण लिनक्स कर्नलमध्येच आहे. नेटफिल्टरच्या फोल्डरमध्ये एक्सटी_टीसीपीएमएसएस डॉट सी ही फाइल दोनदा आहे: एकदा टीसीपीएमएसएस कॅपिटलमध्ये, एकदा स्मॉलमध्ये. दोन्ही वेगळ्या फाइली, वेगळं काम. एनटीएफएसवर क्लोन करताना गिट 'पाथ्स हॅव कोलायडेड' असा इशारा देतं, दोनपैकी एकच फाइल डिस्कवर उरते, आणि पहिल्याच गिट स्टेटसला काहीही न बदलता फाइली बदललेल्या दिसतात. त्याच कर्नलमध्ये नूवो या ग्राफिक्स ड्रायव्हरखाली ऑक्स डॉट सी नावाची फाइल आहे. ऑक्स, कॉन, प्रन, नल ही डॉसच्या काळापासून विंडोजने राखून ठेवलेली उपकरणांची नावं. त्या नावाची फाइल साधेपणाने बनत नाही. एनटीएफएसवरचं एखादं फोल्डर एफएसयूटिलच्या सेटकेससेन्सिटिव्हइन्फोने केस पाळणारं करता येतं. फोल्डर रिकामं असतानाच करावं, त्यात पुढे बनणारी उपफोल्डरं ते गुण उचलतात. पण कर्नलसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा ईएक्सटी४ वर गेलेलं बरं.

लांब पाथचंही तसंच. जुन्या २६० अक्षरांच्या मर्यादेपायी खोल फोल्डरांतल्या फाइली 'फाइलनेम टू लाँग' म्हणून राहून जातात. गिटमध्ये कोअर डॉट लाँगपाथ्स चालू केलं की क्लोन होतं, पण पुढच्या प्रत्येक टूललाही लांब पाथ समजायला हवेत, आणि तिथे काहीतरी अडतंच.

परवानग्यांचा घोळ डेबियन पॅकेज किंवा रूटएफएस (लिनक्सची पूर्ण मूळ फाइल सिस्टम) बांधताना उघड होतो. /एमएनटी/सी वर मुळातल्या सेटिंगमध्ये प्रत्येक फाइल ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, अशी दिसते आणि परवानग्या बदलणारं सीएचमॉड काहीही न करता यशस्वी झाल्याचं भासवतं. डीपीकेजी-डेब तिथे 'कंट्रोल डिरेक्टरी हॅज बॅड परमिशन्स ७७७' सांगून थांबतं, आणि ते थांबतं हे चांगलंच. टार थांबत नाही. तो ७७७ चा रूटएफएस मुकाट्याने बांधून देतो. सी ड्राइव्हवरच काम करणं टळत नसेल तर /ईटीसी/डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फमध्ये ऑटोमाउंट विभागाखाली ऑप्शन्समध्ये मेटाडेटा घाला. मग परवानग्या एनटीएफएसच्या वाढीव गुणधर्मांत साठवल्या जातात.

एमसिस२ मध्ये एलएन -एस मुळात सिमलिंक करतच नाही, नक्कल करतं. लायब्ररीची आवृत्ती असलेली फाइल आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या दोन लिंका, यांच्या तीन स्वतंत्र प्रती होतात. पुढच्या बिल्डला एक नवी होते आणि दोन जुन्याच राहतात. एमसिस या व्हेरिएबलला विनसिमलिंक्स:नेटिव्हस्ट्रिक्ट दिलं आणि विंडोजचा डेव्हलपर मोड चालू केला की खऱ्या लिंका होतात. टार उलगडताना लिंक आधी आणि तिचं लक्ष्य नंतर आलं तर 'कॅनॉट क्रिएट सिमलिंक' येतं. तेच टार दुसऱ्यांदा उलगडलं की जमतं. ओंगळ, पण चालतं.

डब्ल्यूएसएलच्या पाथमध्ये घुसलेलं विंडोज

डब्ल्यूएसएल सोयीसाठी विंडोजचा पूर्ण पाथ, म्हणजे कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, लिनक्सच्या तशाच यादीच्या शेवटी जोडतं. त्यात 'प्रोग्राम फाइल्स' असते आणि त्यातली स्पेस. बिल्डरूट ही एम्बेडेड लिनक्स बांधणारी सिस्टम ही स्पेस पाहताच 'युवर पाथ कंटेन्स स्पेसेस' म्हणून नकार देते. ज्या बिल्ड सिस्टम नकार देत नाहीत त्या जास्त त्रास देतात: लिनक्समध्ये नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं) इन्स्टॉल नसतं, पण त्याचं एनपीएम टूल सापडतं, कारण ते विंडोजचं असतं, आणि ते लिनक्सच्या पाथवर काहीतरी भलतंच करून ठेवतं. शिवाय न सापडणाऱ्या प्रत्येक कमांडचा शोध /एमएनटी/सी वरच्या फोल्डरांपर्यंत जातो, म्हणजे पुन्हा तोच सांधा. डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फच्या इंटरॉप विभागात अपेंडविंडोजपाथ=फॉल्स लिहा. बिल्डसाठीच ठेवलेल्या डिस्ट्रोत मी हे नेहमी बंद ठेवण्याच्या बाजूचा आहे.

याच इंटरॉपचा, म्हणजे लिनक्समधून विंडोजचे प्रोग्राम चालवण्याच्या सोयीचा, एक बारीक सापळा क्रॉस-कंपायलिंगमध्ये (एका सिस्टमवर दुसरीसाठी बांधताना) आहे. विंडोज ईएक्सई हवी असेल तर एमसिस२ ऐवजी डब्ल्यूएसएल२ मध्ये मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ हा विंडोजसाठी बांधणारा कंपायलर घेऊन बांधणं हा उत्तम मार्ग: फोर्क स्वस्त, फाइल सिस्टम लिनक्सची, आणि माल विंडोजचा. कॉन्फिगरला होस्ट म्हणून एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२ द्यायचं. पण नुसता होस्ट दिला आणि बिल्ड दिलं नाही, तर ऑटोकॉन्फ क्रॉस आहे की नाही हे एक चाचणी-प्रोग्राम चालवून ठरवतं. खऱ्या लिनक्सवर ईएक्सई चालत नाही, म्हणून ते क्रॉस असल्याचं ओळखतं. डब्ल्यूएसएलमध्ये मात्र ईएक्सई चालते! मग 'चेकिंग व्हेदर वुई आर क्रॉस कंपायलिंग... नो' ही ओळ येते, आणि पुढच्या चाचण्या विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचे पाथ शोधतात. उपाय म्हणजे बिल्डही स्पष्ट द्यायचं, एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-जीएनयू. दोन्ही वेगळी दिसली की क्रॉस ठरतंच. किंवा इंटरॉप विभागात एनेबल्ड=फॉल्स करून ईएक्सई चालणंच बंद करायचं.

मेमरी, डिस्क, घड्याळ

डब्ल्यूएसएल२ ला मुळात मशीनच्या निम्मी मेमरी मिळते, पण कोर सगळे. १६ जीबी आणि १६ थ्रेडच्या मशीनवर एनप्रॉक (कोर मोजणारी कमांड) १६ सांगतं आणि मेमरी असते ८ जीबी. टेम्प्लेटने भरलेली सी++ फाइल कंपाइल करायला एकेका प्रोसेसला १ ते २ जीबी सहज लागतात. मेक -जे१६ दिलं की मधेच 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस'. ही कंपायलरची चूक नाही. कर्नलने मेमरी संपल्यामुळे त्याला मारलेलं असतं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) त्याची नोंद सापडते. अशा मशीनवर जे ४ ते ६ ठेवा, किंवा विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइल करून डब्ल्यूएसएल२ विभागात मेमरी १२ जीबी आणि स्वॅप ८ जीबी द्या. ही फाइल विंडोजच्या बाजूला, डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ लिनक्सच्या आत; दोघांची अदलाबदल फार होते. नोटपॅडने मागे डॉट टीएक्सटी लावलं नाही ना तेही पाहा. बदल लागू होण्यासाठी टर्मिनल बंद करणं पुरत नाही, डब्ल्यूएसएल शटडाउन करायलाच हवं.

व्हीएचडीएक्स वाढतो, पण आतल्या फाइली पुसल्या म्हणून आपोआप आकसत नाही. योक्टोसारख्या (पूर्ण लिनक्स बांधणाऱ्या) बिल्डने सी ड्राइव्हची जागा खाल्ली आणि आत आरएम करूनही ती परत मिळाली नाही तर आधी आत एफएसट्रिम, मग शटडाउन, मग ॲडमिन म्हणून डिस्कपार्टमध्ये सिलेक्ट व्हीडिस्कने ती फाइल निवडून, रीडओन्ली अटॅच करून कॉम्पॅक्ट व्हीडिस्क, आणि शेवटी डिटॅच.

लॅपटॉप झोपून उठल्यावर डब्ल्यूएसएल२ चं घड्याळ कधीकधी मागे राहतं. मेक मग 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' म्हणतं. याकडे दुर्लक्ष करू नका, कारण मेक काय पुन्हा बांधायचं हे वेळेवरूनच ठरवतं. रूट म्हणून एचडब्ल्यूक्लॉक -एस चालवा, नाहीतर शटडाउन करून पुन्हा सुरू करा.

नेटिव्हवर कधी जावं

बोर्डवर फर्मवेअर टाकायचं असेल तर डब्ल्यूएसएल२ ला यूएसबी थेट दिसत नाही. यूएसबीआयपीडी-विन घालून बाइंड आणि अटॅच करावं लागतं, आणि बोर्ड बूटलोडर मोडमध्ये गेला की तो नव्या उपकरणासारखा उगवतो व जोडणी तुटते. ऑटो-अटॅचने काही प्रमाणात निभावतं. दिवसातून पन्नास वेळा फ्लॅश करणाऱ्याने मात्र नेटिव्ह लिनक्स घ्यावं. स्वतःचे कर्नल मॉड्यूल चालवून बघायचे असतील किंवा बिल्डच्या वेगाची मोजमापं घ्यायची असतील तरी तेच. अँड्रॉइडचा पूर्ण सोर्स, म्हणजे एओएसपी, बांधायला गुगल ६४ बिट लिनक्स, ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी मेमरी सांगतं. तेवढ्या बिल्डमध्ये व्हर्च्युअल मशीनला निम्मी मेमरी देऊन बसणं परवडत नाही.

ड्युअल बूट केलं तरी एक चूक बाकी असते: दोन्हीकडून दिसावं म्हणून सोर्स एनटीएफएस पार्टिशनवर ठेवणं. लिनक्सला ५.१५ कर्नलपासून एनटीएफएस३ ड्रायव्हर आहे, वाचणं-लिहिणं नीट होतं, पण परवानग्यांचा प्रश्न पुन्हा दारात. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शटडाउन' म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं आणि ते पार्टिशन लिनक्स फक्त वाचण्यापुरतं माउंट करतो, किंवा करतच नाही. पॉवरसीएफजी /एच ऑफ ने ते बंद होतं. मशीनचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेत आणि लिनक्स यूटीसीत धरतं, म्हणून एकीकडून दुसरीकडे गेल्यावर काही तासांचा फरक पडतो आणि मेकला फाइली भविष्यातल्या वाटतात. लिनक्सवर टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ केलं की दोघं एका वेळेवर येतात. सोर्स ईएक्सटी४ वर, तयार फाइली ठेवायला छोटं एनटीएफएस पार्टिशन, एवढी वाटणी पुरते.